राखीव सर

सरांच्या स्कूटरला सीटखाली पेट्रोलचा कॉक होता. तेव्हाच्या सगळ्याच स्कूटरना असायचा. चालू, बंद आणि रिझर्व्ह, अशा त्याच्या तीन खुणा. पेट्रोल संपत आलं की गाडी आचके द्यायला लागते, मग चालवणारा वाकून कॉक रिझर्व्हवर फिरवतो आणि आरामात पंप गाठतो. सर फिरवत नसत. पहिला आचका आला की ते उतरत, गाडी रस्त्याच्या कडेला घेत आणि ढकलत पंपापर्यंत नेत. कर्जतच्या मेन रोडवर महिन्यातून एकदा तरी हे दृश्य दिसायचं.

"सर, रिझर्व्हला घ्या की!" पंक्चरवाला ओरडायचा.

"ते अडचणीसाठी असतं."

"मंग ही काय वरात हाय व्हय?"

"ही अडचण नाही," सर धापा टाकत म्हणायचे. "हा फक्त उशीर आहे."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची दोन वर्षं मी त्यांच्या हाताखाली शिकले, अकरावी आणि बारावी. ते आम्हाला इंग्रजी शिकवायचे. आज मी एका हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज सिस्टर आहे आणि याद्या हे माझं रोजचं काम आहे. आत जाताना किती कात्र्या, बाहेर येताना किती. किती कापसाचे बोळे. कोणत्या रुग्णासाठी कोणत्या गटाच्या किती पिशव्या रक्त राखून ठेवलंय. लोक म्हणतात, बाईंना सवयच आहे. सवय नाही, भीती आहे. ती मला कुठे लागली ते मला नेमकं ठाऊक आहे.

कॉलेजात त्यांना मागून 'राखीव सर' म्हणत. मला वाटायचं स्कूटरमुळे. मीसुद्धा म्हणायचे. एकदा सर मागे उभे असताना मी तसं म्हणाले, आणि त्यांनी ऐकलं. त्या नावाला दुसराही अर्थ आहे, आणि बहुतेक जण त्या दुसऱ्या अर्थानेच ते वापरतात, हे मला पुढच्या वर्षी कळलं. सरांना अर्थातच पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी कुठल्या अर्थाने म्हणाले, हे मात्र त्यांना कळायला मार्ग नव्हता. या गोष्टीचा मी फार विचार केला आहे.

सर सगळ्या विद्यार्थ्यांना 'तुम्ही' म्हणत. सतरा वर्षांच्या पोरापोरींना 'तुम्ही'! पहिल्या आठवड्यात वर्ग हसला, मग एकाने विचारलंच, "सर, आम्हाला अरे-तुरे का करत नाही?"

"तू हा शब्द मी घरच्यांसाठी राखून ठेवलाय," सर म्हणाले.

खिशाला तीन पेनं असायची. पहिलं लिहायचं, दुसरं पहिलं बंद पडलं तर. तिसऱ्याची टोपी मी दोन वर्षांत उघडलेली पाहिली नव्हती. डब्यात काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, दोन भाकऱ्या द्यायच्या, त्यातली अर्धी ते पुन्हा फडक्यात बांधून ठेवायचे. परतताना गाडी बंद पडली, पूल वाहून गेला, काहीही झालं तर. घर नीट आलं की ती अर्धी भाकरी फाटकापाशी वाट बघत बसलेल्या कुत्र्याला मिळायची. त्या कुत्र्याचा सरांच्या भीतीवर पूर्ण विश्वास होता.

तासाची शेवटची पाच मिनिटं ते राखून ठेवत. चाळीस मिनिटं झाली की पुस्तक मिटायचं आणि म्हणायचं, "आता तुमच्या शंका." शंका कुणाला नसायच्या, किंवा असायच्या त्या विचारायची हिंमत नसायची. मग सत्तर पोरं आणि एक माणूस पाच मिनिटं गप्प बसून राहायचे. पंखा कुरकुरायचा. मला ती पाच मिनिटं सोसायची नाहीत. कुणीतरी काहीतरी विचारायला हवं, ते आपणच विचारायला हवं, असं वाटत राहायचं. पुढे मी आदल्या दिवशीच घरून एक शंका लिहून न्यायला लागले. माझी पहिली यादी ती. शंकांची.

इंग्रजी सुधारायला आम्ही चार मुली त्यांच्या घरी जायचो. सर खुर्चीत, आम्ही सतरंजीवर, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि काकूंचा आवाज स्वयंपाकघरातून. काकू सरांच्या अगदी उलट. त्यांच्या पोटात काही राहायचं नाही.

"तुमच्या सरांनी लग्नात उखाणासुद्धा अर्धाच घेतला," त्या पोहे देताना म्हणाल्या. "नावापर्यंत आले आणि थांबले. मांडव सगळा कान देऊन बसलाय. म्हणतात, उरलेला नंतर. बावीस वर्षं झाली. मी वाट बघतेय."

"घाई काय आहे?" सर पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाले.

तो शब्द वर्गात आला बारावीच्या पावसाळ्यात. धड्यात एक माणूस 'रिझर्व्ह्ड' होता. मागच्या बाकावरच्या एकाने उठून भाषांतर केलं, "तो एक राखीव माणूस होता." वर्ग फुटला. काही जण नको तितके हसले आणि हसताना सरांकडे बघत राहिले. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी फळ्यावर तो शब्द मोठ्या अक्षरात लिहिला आणि म्हणाले, "या शब्दाला बरीच घरं आहेत. कुठलं कुठलं तुम्हाला ठाऊक आहे?"

मग पोरंच सांगायला लागली. एसटीची सीट. रेहेकुरीचं काळविटांचं जंगल. दंगल झाली की ट्रकमधून येतात ते पोलीस. सरांची स्कूटर, असं एक जण म्हणाला, आणि सरांनी तेही लिहिलं. खो-खोच्या संघातला कडेला बसणारा गडी. "त्यो गुडघ्याला तेल लावून बसतो अन् तसाच घरी जातो," हे सांगणारा पोरगा स्वतःच दोन वर्षं तसा बसत होता. मग नोकरीतली जागा. हे कुणीतरी हळूच म्हटलं. सरांनी तेही लिहिलं, बाकीच्यांइतक्याच मोठ्या अक्षरात. शेवटी त्यांनी धड्यातला अर्थ लिहिला, मनातलं चटकन बाहेर न काढणारा. सात झाले. त्यांनी आठ हा आकडा घातला आणि पुढे काहीच लिहिलं नाही.

"आठवा मोकळा राहू दे. तुमच्यापैकी कुणीतरी भरेल."

आणि पुस्तक मिटलं. राखीव पाच मिनिटं. त्या दिवशी माझ्याकडे लिहून नेलेली शंका होती, ती मी विचारली नाही.

दुसरा अर्थ मला कळला तो स्टाफरूमच्या दारात. हजेरीचं पुस्तक आणायला गेले होते. इतिहासाचे सर चहा पीत सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होते. "यांचं बरं आहे. एसटीत सीट राखीव, नोकरीत जागा राखीव. आम्ही आपले जन्मभर उभे."

सर वही तपासत होते. "मी एसटीत उभाच असतो, सर," ते म्हणाले. "परवा राशीनपर्यंत तुम्ही बसून आलात. तुमच्या डोक्यावर 'स्त्रियांसाठी' असं लिहिलं होतं."

स्टाफरूम हसली. इतिहासाचे सरही हसले, जरा उशिराने. पण सरांनी चष्मा काढला आणि धोतराच्या जुन्या फडक्याने तो इतका वेळ पुसला की माझा हात हजेरीच्या पुस्तकावर तसाच राहिला. खरंच ते एसटीत राखीव सीटवर बसत नसत. सीट रिकामी असली तरी. दांडा धरून उभे.

मी अगोचर होते. घरी शिकवणीला एकटी लवकर पोचले त्या दिवशी विचारलं, "सर, तुमची नेमणूक खरंच त्या जागेवर झाली का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "ते उत्तर मी राखून ठेवलंय. ज्याला विचारायचा हक्क आहे त्याने विचारलं की देईन." मग पुस्तक उघडत म्हणाले, "आजवर कुणी तसं आलं नाही. तुम्ही पान बावीस काढा."

आता त्यांच्या एका वेडाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. लिप्यांची भेसळ त्यांना सोसत नसे. इंग्रजी लिहिताना मध्येच मराठी आकडा आला, किंवा मराठीत इंग्रजी, तर ते पान फाडायला लावत. "भाकरीत केक कालवता का?" असं विचारत. परीक्षेच्या आधी त्यांनी वर्गात बजावून सांगितलं, "ज्या भाषेचा पेपर, त्या भाषेचे अंक. पहिल्या पानापासून." आणखी एक गोष्ट बजावली. बैठक क्रमांक आकड्यांत लिहून झाला की खालच्या 'अक्षरी' असं छापलेल्या ओळीत तो शब्दांतही लिहायचा. "आकडा फसवतो. अक्षर फसवत नाही. ती ओळ मोकळी सोडायची नाही."

मी ती मोकळी सोडली नाही. मराठीचा पेपर पहिलाच होता. हाताला घाम, घंटा झालेली, आणि बैठक क्रमांक लांबलचक. मी मराठी आकड्यांत तो सुबक लिहिला. मग अक्षरी. आकडे तर वर दिसतायतच, पुन्हा शब्दांत लिहिण्यात दोन मिनिटं कशाला घालवायची? मी लिहिलं, 'वरीलप्रमाणे'. आणि वेळ वाचवला म्हणून स्वतःवर खूश होऊन निबंधाकडे वळले. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर, सोसायटीच्या अर्जावर आमचे दादा, म्हणजे वडील, असंच लिहून घ्यायचे. मला ते पक्कं कागदी, शहाण्या माणसाचं वाटायचं.

माझ्या नंबरात दोन चौके होते. मराठी ४ आणि इंग्रजी 8 घाईत लिहून शेजारी ठेवा आणि चष्मा काढून बघा.

निकालाच्या दिवशी कॉलेजच्या भिंतीवर कागद लावला. माझ्या नावापुढे गुण नव्हते. 'निकाल राखून ठेवला आहे.' मी तो कागद चार वेळा वाचला. आमच्या गावात, म्हणजे कर्जतपासून सहा किलोमीटरवर, तेव्हा या चार शब्दांचा एकच अर्थ होता. पोरगी कॉपी करताना सापडली.

दादांना तेवढंही कळलं नाही. ते ओट्यावर बसून म्हणाले, "राखून ठिवला म्हंजी? कुनासाठी राखून ठिवला?"

"मला काय माहीत, दादा."

"तुजा हाय तर तुला देत का न्हाईत?"

चुलते शेजारीच बसले होते. "असं उगं ठेवत न्हाईत," ते म्हणाले. "कायतरी केलं असंल. श्रीगोंद्याच्या पाव्हन्यांना काय सांगायचं आता? त्येंच्या कानावर जायच्या आत उरकून टाकू."

उरकून टाकायचं ते माझं लग्न होतं. नगरच्या नर्सिंगच्या शाळेत माझं नाव यादीत लागलं होतं, पण बारावीची गुणपत्रिका शुक्रवारी पाचच्या आत हातात द्यायची होती. दादा म्हणाले होते, नर्सिंग मिळालं तर जा, न्हाई तर पाव्हने. त्या दिवशी सोमवार होता. मी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. प्रत्येकापुढे काय करायचं ते लिहायचं होतं. सोमवारपुढे 'सरांकडे जाणे' लिहिलं. बाकीचे वार कोरे राहिले आणि मी वही मिटून कर्जतची वाट धरली.

सर अंगणात स्कूटर पुसत होते. मी म्हटलं, "सर, आठवा अर्थ आला." आणि रडायला लागले.

प्राचार्यांचं पत्र बोर्डात पोचायला आणि उत्तर यायला महिना लागला असता. सरांनी ते मान्य केलं आणि दुसऱ्याच दिवशी मला घेऊन पुण्याला निघाले. दादांनी स्टँडवर हात जोडले. "सर, मी येऊन काय करू? मला तितलं बोलनं जमायचं न्हाई. तुमी हायेत."

"मलाही बोलणं जमत नाही," सर म्हणाले. "पण मी जातो."

गाडीत मला खिडकी मिळाली. सरांपुढे एकच सीट रिकामी होती, तिच्यावर 'विधानसभा सदस्य' असं लिहिलेलं. ते दांडा धरून उभे राहिले. भिगवणपर्यंत कंडक्टरने सहन केलं, मग म्हणाला, "बसा ना सर. आमदार काय आता मधीच हात करून चढायचे न्हाईत."

"चढले तर?"

"तर मी त्यांना मांडीवर घेतो. बसा."

गाडी हसली. सर उभेच. त्यांच्या हातातली पिशवी प्रत्येक खड्ड्याला माझ्या खांद्याला लागायची. तिच्यात काय काय आहे ते त्यांनी मला सकाळीच सांगितलं होतं: माझ्या शाळेच्या दाखल्याच्या दोन प्रती, माझ्या जुन्या वह्या, एक शर्ट, एक मेणबत्ती. मेणबत्ती कशाला, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, इतकी भीती बाळगणारा माणूस सोबत असेल तर आपलं काम होणारच नाही. आणि लगेच वाटलं, होईल तर याच्यामुळेच होईल. चार तास हे दोन विचार आळीपाळीने येत होते.

ऑफिसात दोन खिडक्या आणि एक जिना झाल्यावर आम्ही एका अधिकारी बाईंच्या टेबलाशी पोचलो. बाई शांत होत्या, घाईत नव्हत्या. त्यांनी फाईल मागवली, मग कपाटातून एक उत्तरपत्रिका मागवली. "हे बघा," त्या म्हणाल्या. "इथे पेपर आहे, पण या नंबरचा विद्यार्थीच नाही. आणि इथे ही विद्यार्थिनी आहे, पण हिचा मराठीचा पेपर नाही. मराठी चार इंग्रजी आठ म्हणून धरले गेले. मराठी आकडे कशाला काढलेत?"

मी तोंड उघडलं. सर आधी बोलले. "मी सांगितलं होतं."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "विद्यार्थिनीची चूक असेल तर प्रकरण समितीपुढे जातं. समिती पुढच्या महिन्यात बसेल. शिक्षकाच्या सूचनेमुळे झालं असेल आणि शिक्षकाने अक्षर ओळखून तसं लेखी दिलं, तर मी वरून सही घेऊन आज सोडवू शकते."

"त्या पत्राची प्रत कुठे जाते?"

"तुमच्या कॉलेजला. तुमच्या संस्थेला."

तेव्हा कॉलेजात उपप्राचार्यांची जागा रिकामी होणार होती. नोकरीच्या वर्षांप्रमाणे ती सरांची होती, आणि इतिहासाचे सर तिच्यावर डोळा ठेवून होते. हे शिपायालाही ठाऊक होतं. मलाही होतं. मी सरांकडे पाहिलं. ते शर्टाच्या खिशाकडे बघत होते, जणू तिथे कुणीतरी उत्तर लिहून ठेवलंय.

"तुम्ही बाहेर बाकावर बसा," बाई मला म्हणाल्या.

दाराला वर काच होती. बाकावर बसले की दिसत नसे, म्हणून मी उभी राहिले. बाईंनी उत्तरपत्रिकेचं पहिलं पान सरांपुढे फिरवलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि वाकून पाहिलं. बाईंचं बोट पानावर होतं, आधी वरच्या ओळीवर. मग ते खाली सरकलं. खालच्या ओळीत काय आहे ते मला इतक्या लांबून वाचायची गरज नव्हती. मला ते पाठ होतं.

बाईंनी काहीतरी विचारलं. आता सर म्हणतील, हे मी सांगितलं नव्हतं. उलट बजावलं होतं. तसं म्हणणं खरंच होतं, आणि तेवढ्या एका वाक्याने ते सुटले असते. माझं प्रकरण समितीकडे गेलं असतं, समितीनंतर श्रीगोंद्याला. दार ढकलून आत जावं आणि सांगावं की ती ओळ माझी आहे, असं मनात आलं. दाराची कडी माझ्या हाताच्या उंचीवर होती. मी शुक्रवारचा विचार केला. हात खालीच राहिला.

सरांनी मान हलवली. होकाराची होती. मग त्यांनी खिशातलं तिसरं पेन काढलं, टोपी उघडली आणि लिहायला लागले. कॉलेजात दोन ओळींची रजासुद्धा जेमतेम लिहिणारा माणूस, त्याने अख्खं पान भरलं आणि मागची बाजू घेतली. मधे थांबले नाहीत. खालपर्यंत लिहिलं, सही केली, आणि कागद दोन्ही हातांनी बाईंना दिला.

साडेचारला गुणपत्रिका माझ्या हातात होती. मी तिच्यावरचं नाव तपासलं, नंबर तपासला, गुणांची बेरीज तपासली, मग पुन्हा नंबर.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. सर आत चढले, समोर आलेल्या पहिल्या सीटवर बसले आणि डोळे मिटून घेतले. वर काय लिहिलंय ते त्यांनी पाहिलं नाही. मी पाहिलं. 'अपंगांसाठी राखीव' असं होतं. दौंडच्या पुढे त्यांनी डबा उघडला, फडक्यातली अर्धी भाकरी काढली, मोडली आणि मोठा तुकडा मला दिला. दोघांनी ती संपवली. मी मनात वाक्य जुळवत होते: सर, ती खालची ओळ. भिगवणला ते जुळलं. राशीनला मी तोंड उघडलं आणि विचारलं, "सर, पाणी हवंय का?"

"नको," ते म्हणाले.

काकू मला पाच दिवसांनी भेटल्या. शुक्रवार होऊन गेला होता, माझं नाव नर्सिंगच्या रजिस्टरात चढलं होतं, मी पेढे घेऊन गेले होते. सर घरी नव्हते. "त्या दिवशी काय झालं गं पुण्याला?" काकूंनी विचारलं. "डबा पार रिकामा आणला. कुत्रं फाटकाशी बसून राहिलं. मी विचारलं, तर म्हणतात, काही नाही, काम झालं. बावीस वर्षांत डबा रिकामा आला नाही बघ. मला झोप लागेना."

मी म्हटलं, "मला भूक लागली होती, काकू. मी खाल्लं." अर्धं खरं होतं.

पत्राची प्रत आली. संस्थेने सरांना 'कारणे दाखवा' अशी नोटीस दिली. पुढच्या जूनमध्ये इतिहासाचे सर उपप्राचार्य झाले. सत्काराच्या दिवशी ते माईकवरून म्हणाले म्हणे, "आमचे इंग्रजीचे सर पुढच्या वेळेसाठी राखीव आहेत." हे मला मैत्रिणीने नगरला येऊन सांगितलं. मी तेव्हा वॉर्डात बेडपॅन मोजत होते. पहिल्यापासून पुन्हा मोजावे लागले.

मी पत्र लिहायला बसले, एकदा नाही, बऱ्याचदा. 'आदरणीय सर' लिहून झालं की पुढे, ती अक्षरी ओळ माझी होती, एवढं एकच वाक्य. ते लिहिलं तर त्यांनी पाहिलंच नव्हतं असं निघालं, तर? आणि पाहिलं होतं असं निघालं, तर? दोन्हींची मला सारखीच भीती वाटायची. दिवाळीला शुभेच्छांचं कार्ड पाठवायचे. त्यांचंही यायचं, दोन ओळींचं, अंक मराठी.

दशक संपत आलं होतं तेव्हा मी नगरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात सिस्टर होते. सकाळच्या यादीत पाचवं नाव वाचलं आणि पेन थांबलं. मोतीबिंदू, उजवा डोळा. बाहेर बाकावर सर बसले होते, शेजारी काकू. सर वाळले होते. खिशाला तीन पेनं होती.

"बघा, डोळासुद्धा यांनी एकच आणलाय," काकू मला बघून म्हणाल्या. "दुसरा राखून ठेवलाय."

"डॉक्टरांनीच तसं सांगितलं आहे," सर म्हणाले. मग मला म्हणाले, "तुम्ही इथे आहात हे ठाऊक होतं. म्हणून इथे आलो."

मी हसले, प्रकृती विचारली, काकूंना चहा सांगितला. ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म पुढे केला. नाव, गाव, वय. त्या फॉर्मवर वयाला दोन ओळी होत्या, कारण तो मीच नव्याने करून घेतला होता: अंकी आणि अक्षरी. एका आकड्याने काय होतं ते मला ठाऊक होतं.

सरांनी तिसरं पेन काढलं. फॉर्म डाव्या डोळ्याजवळ धरला आणि सावकाश लिहिलं. खालच्या ओळीवर जरा थांबले, मग तीही भरली. सही केली आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. अंकी या ओळीत ५४ होतं, मराठीत, चौका सुबक. खाली अक्षरी या ओळीत त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'वरीलप्रमाणे'.

मी तो शब्द वाचला आणि वर बघायची हिंमत होईना. काकू चहावर फुंकर घालत होत्या. ती वर्गातलीच शांतता होती, शेवटच्या पाच मिनिटांची, आणि कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं.

"सर," मी म्हटलं. "ती ओळ माझी होती. तुम्ही बजावून सांगितलं होतं. मी दारातच उभी होते, आत आले नाही."

"काचेतून दिसत होतात," सर म्हणाले.

काकूंनी कप खाली ठेवला आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मी फॉर्म त्यांच्यापुढे परत सरकवला. काहीतरी करायला हवं म्हणून.

"हे असं चालत नाही, सर. इथे अक्षरी लिहावं लागतं."

"माहीत आहे." त्यांनी पेन माझ्या हातात दिलं, ते तिसरं, टोपी उघडी. "मला नीट दिसत नाही. तू लिही."